हर्नियाची जाळी शरीराला मानवते का? ‘सर्वांत जैवसुसंगत मेश कोणती’ या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

तुमच्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. वडिलांच्या जांघेतल्या हर्नियासाठी जाळी बसवायला सांगितलंय, तर शरीर हे प्लास्टिक नाकारणार नाही का? वर्षानुवर्षं आत राहून ते झिजतं का, त्यातून कॅन्सर किंवा दुसरा एखादा आजार होतो का? आणि इतक्या प्रकारच्या जाळ्या मिळत असताना सर्वांत जैवसुसंगत कोणती, जास्त पैसे मोजून तीच घ्यावी का?

मी हर्नियाची ऑपरेशनं करतो, आणि त्रास देऊ लागलेल्या जाळ्या काढण्यासाठीही रुग्ण माझ्याकडे येतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची दोन्ही उत्तरं त्याच्यावर अवलंबून आहेत. ‘सर्वांत जैवसुसंगत’ अशी एकच जाळी नसते. जैवसुसंगतता हा नुसत्या पदार्थाचा गुण नव्हे. या विषयाचे अभ्यासक डेव्हिड विल्यम्स यांनी १९८७ मध्ये केलेली आणि आजही मानली जाणारी व्याख्या अशी आहे: एखाद्या ठरावीक वापरात, शरीराकडून योग्य तो प्रतिसाद मिळत असताना, आपलं काम पार पाडण्याची पदार्थाची क्षमता. यातले ‘ठरावीक वापरात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची तीच जाळी पोटाच्या स्नायूमागे पंचवीस वर्षं निमूट राहते आणि आतड्याला टेकली तर त्याला भोक पाडू शकते. म्हणून ‘कोणतं प्लास्टिक?’ एवढंच विचारून भागत नाही. ते किती आहे, कसं विणलंय आणि कुठे ठेवलंय हेही विचारावं लागतं.

आता शरीर नेमकं काय करतं ते पाहू. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण नाकारलं जातं तसं जाळीच्या बाबतीत होत नाही. तिथे परक्या माणसाच्या पेशी असतात आणि प्रतिकारशक्ती त्या पेशी ओळखून हल्ला करते. प्लास्टिकच्या धाग्याला अशी ओळख नसते. पण म्हणून शरीर त्याच्याकडे दुर्लक्ष करतं असंही नाही. जाळी आत गेल्याबरोबर तिच्या धाग्यांवर रक्तातल्या प्रथिनांचा थर बसतो: अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, अँटीबॉडी. पुढे येणाऱ्या पेशींची गाठ प्लास्टिकशी न पडता या थराशी पडते. पहिल्या एकदोन दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्या मागोमाग मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी. त्या धागा गिळायला बघतात, पण धागा त्यांच्यापेक्षा कितीतरी जाड असतो. मग अनेक मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून मोठ्या बहुकेंद्रकी पेशी तयार होतात आणि धाग्याला चिकटून बसतात. त्यांच्या बाहेरून फायब्रोब्लास्ट म्हणजे ऊती बांधणाऱ्या पेशी कोलॅजन या चिवट प्रथिनाचं वेष्टण घालतात. प्रत्येक धाग्याभोवतीच्या या छोट्या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात.

काढलेल्या जाळीचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला की हे स्पष्ट दिसतं. धाग्याच्या जागी गोल पोकळी, तिच्या काठाला मोठ्या पेशींची कड, त्याबाहेर कोलॅजनची गुलाबी वर्तुळं. कितीतरी वर्षांपूर्वी बसवलेल्या जाळीतसुद्धा त्या कडेला जिवंत, कामात असलेल्या पेशी सापडतात. म्हणजे ही प्रक्रिया कधी पूर्ण थांबत नाही, एका पातळीवर येऊन स्थिरावते. ही पातळी खालची राहिली तर माणसाला जाळी असल्याची जाणीवही होत नाही. वर राहिली तर जाळी कडक होते, आकसते, दुखते.

ती पातळी कशावर ठरते? इथे जर्मनीतल्या आखेनच्या शुंपेलिक, क्लिंगे आणि क्लोस्टरहाल्फेन या संशोधक मंडळींनी १९९० च्या दशकात केलेलं काम मोलाचं आहे. तोवर जाळी जितकी जाड आणि भक्कम तितकी चांगली असं समजलं जायचं. त्यांनी पोटाच्या भिंतीवर येणारा ताण मोजून हिशेब मांडला. लहान हर्नियाला साधारण १६ न्यूटन प्रति सेंटिमीटर इतकी ताकद पुरते, आणि जुन्या जाड जाळ्या त्याच्या कित्येक पट ताण सहन करणाऱ्या होत्या. म्हणजे गरज नसलेलं प्लास्टिक आपण शरीरात ठेवत होतो, आणि शरीर त्या प्रत्येक धाग्याला प्रतिसाद देत होतं. शिवाय तेवढ्याच ताणाखाली पोटाची निरोगी भिंत बरीच ताणली जाते, जाड जाळी मात्र जेमतेम हलते. अशी जाळी बसलेले काही रुग्ण सांगायचे, पोटात पुठ्ठा ठेवल्यासारखं वाटतं. ही तक्रार अगदी खरी होती.

वजनापेक्षाही भोकाचा आकार महत्त्वाचा ठरला. प्रत्येक धाग्याभोवती ग्रॅन्युलोमाचं कडं असतं. शेजारच्या दोन धाग्यांत पुरेसं अंतर नसेल तर दोघांची कडी एकमेकांना मिळतात, भोक पूर्णपणे व्रणाने, म्हणजे जखम भरताना होणाऱ्या घट्ट ऊतीने, भरतं आणि सगळी जाळी एक सलग ताठ पत्रा होऊन जाते. अंतर असेल तर भोकाच्या मध्यभागी चरबी, रक्तवाहिन्या, साधी मऊ ऊती वाढते आणि व्रण फक्त धाग्यांपुरता राहतो. पॉलिप्रॉपिलीनसाठी हे भोक सर्व बाजूंनी एक मिलिमीटरहून मोठं असावं लागतं. पीव्हीडीएफ या दुसऱ्या प्लास्टिकभोवतीचा प्रतिसाद कमी असल्याने तिथे ०.६ मिलिमीटर पुरतं. ‘जाळी आकसली’ असं आपण म्हणतो तेव्हा प्लास्टिक आकसलेलं नसतं. त्याच्याभोवतीचा व्रण आकसतो आणि जाळीला सोबत ओढतो.

एक गोष्ट मी नव्या डॉक्टरांना हातात देऊन दाखवतो. मोठ्या, चौकटीसारख्या भोकांची जाळी घ्या आणि दोन टोकं धरून एका दिशेने ओढा. काही विणींची भोकं तशीच उघडी राहतात. काहींची मात्र डोळ्यांदेखत मिटून बारीक फटी होतात. पाकिटावर लिहिलेला भोकाचा आकार टेबलावर सपाट ठेवलेल्या जाळीचा असतो. शरीरात तिच्यावर ताण असतो. सर्जनने जाळी जास्त ताणून शिवली, तर मोठ्या भोकांची जाळी घेऊनही शरीरात बारीक भोकांचीच बसते. त्या जाळीच्या जैवसुसंगततेचा एक भाग सर्जनच्या हातात असतो, हे आम्ही लोकांनी अधिक मोकळेपणाने सांगायला हवं.

पण ‘हलकी ती चांगली’ असंही समजू नका. नेदरलँड्समध्ये जांघेच्या हर्नियासाठी दुर्बिणीतून ऑपरेशन केलेल्या ९५० पुरुषांचा तुलनात्मक अभ्यास झाला. त्यात हलक्या जाळीने दुखणं कमी झालं नाही, उलट दोन वर्षांत हर्निया परत होण्याचं प्रमाण २.७ टक्के निघालं. जड जाळीत ते ०.८ टक्के होतं. अतिशय पातळ, लवचीक जाळी हर्नियाच्या मोठ्या छिद्रातून बाहेर फुगते किंवा तिची कड दुमडते. उघड्या पद्धतीच्या ऑपरेशनमध्ये, जिथे जाळी त्वचेच्या जवळ असते, तिथे हलक्या जाळीने ‘आत काहीतरी आहे’ ही जाणीव काहीशी कमी होते. एवढाच फायदा आहे आणि तो खरा आहे.

आता जागेबद्दल. उघडं पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर आतड्याला टेकलं की आतडं त्याला चिकटतं, आणि पुढे कधी आतड्याला भोक पडून त्वचेपर्यंत वाट तयार होऊ शकते. अशी जाळी काढणं हे आमच्या कामातलं सर्वांत जिकिरीचं ऑपरेशन असतं. तासन्‌तास एकेक वेटोळं सोडवत जावं लागतं. म्हणून पोटाच्या पोकळीत जाळी ठेवायचीच असेल तर तिच्या आतड्याकडच्या बाजूला आवरण असलेली जाळी वापरतात. हे आवरण कोलॅजनचं, सेल्युलोजचं किंवा हायल्युरॉनिक आम्लाचं असतं आणि काही आठवड्यांत विरून जातं. पोटाच्या आतलं अस्तर जाळीवर साधारण आठवडाभरात नव्याने वाढतं, आवरणाला तेवढा काळ मधे उभं राहायचं असतं. तरीही जाळी पोकळीत न ठेवता स्नायू आणि अस्तर यांच्यामध्ये ठेवता आली, तर मी तेच करतो. तिथे दोन्ही बाजूंना रक्तपुरवठा असलेली ऊती असते, आतडं दूर राहतं आणि महागड्या आवरणाची गरजच पडत नाही. जांघेत जाळी आतड्याच्या थेट संपर्कात नसते, त्यामुळे वडिलांच्या बाबतीत ही काळजी नाही.

जागा बदलली की तोच पदार्थ कसा वागतो याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण हर्नियाच्या बाहेरचं आहे. ओटीपोटातले अवयव खाली घसरतात तेव्हा योनिमार्गातून बसवायच्या जाळ्याही पॉलिप्रॉपिलीनच्याच होत्या. तिथली भिंत पातळ, सतत हलणारी, जंतूंच्या सान्निध्यातली. अनेक स्त्रियांना जाळी भिंतीतून बाहेर येणं, रक्तस्राव, सततची वेदना सोसावी लागली. अखेर एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने या वापरासाठी त्यांची विक्री थांबवायला लावली. त्या बातम्या वाचून हर्नियाच्या जाळीची भीती वाटणं मी समजू शकतो. पण एका जागेचा निष्कर्ष दुसऱ्या जागेला तसाच लावता येत नाही. भीतीच्या बाबतीत हे खरं आहे तसंच भरवशाच्या बाबतीतही.

पदार्थांबद्दल थोडक्यात. पॉलिप्रॉपिलीन सर्वांत जास्त वापरलं जातं. अमेरिकी सर्जन फ्रान्सिस अशर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएथिलीनची आणि नंतर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉलिप्रॉपिलीनची जाळी आणली, म्हणजे त्याचा अनुभव साठ वर्षांहून जास्त आहे. पॉलिएस्टर मऊ असतं, पण त्याचे धागे बऱ्याचदा अनेक तंतू पिळून केलेले असतात आणि पाण्याच्या संपर्कात ते वर्षानुवर्षांत हळूहळू कमकुवत होतं. ईपीटीएफई (टेफ्लॉनचाच एक ताणलेला प्रकार) गुळगुळीत असतं, आतडं त्याला कमी चिकटतं, पण त्याची भोकं काही मायक्रॉनचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जंतू साधारण एक मायक्रॉनचा असतो, त्याला मारायला येणारी पांढरी पेशी दहा मायक्रॉनहून मोठी. जंतू त्या भोकात शिरतो, पेशीला शिरता येत नाही. म्हणून तिथे पू झाला की बहुतेक वेळा सगळी जाळी काढावी लागते. एकेरी धाग्याच्या, मोठ्या भोकांच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये जंतुसंसर्ग झाला तरी जखम उघडी ठेवून, धुऊन, अँटिबायोटिक देऊन जाळी पुष्कळदा वाचवता येते. माझ्या दृष्टीने जैवसुसंगततेची ही मोठी कसोटी आहे, कारण सगळं सुरळीत असताना बहुतेक जाळ्या चांगल्याच वागतात.

जैविक जाळ्यांबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. डुकराची त्वचा किंवा आतड्याचा थर, गायीच्या हृदयाभोवतीचं आवरण किंवा दान केलेली मानवी त्वचा यांतून सगळ्या पेशी धुऊन काढतात आणि कोलॅजनची चौकट उरते. कल्पना अशी की शरीर ती आपलीशी करून तिथे स्वतःची ऊती उभारेल. ऐकायला हे अगदी नैसर्गिक वाटतं, म्हणून ‘नैसर्गिक आहे, तीच द्या’ असा आग्रह होतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा शरीर ती चौकट पचवून टाकतं आणि जागा पुन्हा सैल पडते. चौकट टिकावी म्हणून रसायनाने घट्ट केली, तर शरीर तिच्याकडे परकी वस्तू म्हणूनच बघतं. जंतूंचा संपर्क आलेल्या जखमेत तरी जैविक जाळीच हवी, असं आम्ही बरीच वर्षं मानत होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५३ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात अशाच जखमांत जैविक जाळीनंतर दोन वर्षांत २०.५ टक्के रुग्णांना हर्निया परत झाला. साध्या पॉलिप्रॉपिलीननंतर हे प्रमाण ५.६ टक्के होतं, आणि जंतुसंसर्गाच्या बाबतीत जैविक जाळी सरस ठरली नाही. किमतीत तर प्रचंड तफावत होती. आणखी एक: ही जाळी कोणत्या प्राण्यापासून केली आहे हे रुग्णाला आधी सांगितलंच पाहिजे. काही कृत्रिम जाळ्यांच्या आवरणातही प्राण्यांचं कोलॅजन असतं. कुणाच्या श्रद्धेला ते चालत नसेल तर पर्याय असतात, पण विचारायला हवं.

हळूहळू विरघळणाऱ्या कृत्रिम जाळ्याही आहेत. काही सहासात महिन्यांत विरतात, पी४एचबी या पदार्थाची साधारण बारा ते अठरा महिन्यांत. निवडक रुग्णांत मी त्या वापरतो. पण हर्निया होणाऱ्या अनेकांच्या मूळ कोलॅजनमध्येच दोष असतो: बळकट, पहिल्या प्रकारच्या कोलॅजनच्या तुलनेत नाजूक, तिसऱ्या प्रकारचं जास्त. जाळी विरल्यावर सगळा भार या कोलॅजनने बांधलेल्या व्रणावर येणार, हे विसरता येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पॉलिप्रॉपिलीन शरीरात पूर्णपणे निष्क्रिय असतं असं पूर्वी शिकवलं जायचं. ते तंतोतंत खरं नाही. मॅक्रोफेज जी ऑक्सिडीकरण करणारी द्रव्यं सोडतात त्यांनी धाग्याच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात आणि तो काहीसा ठिसूळ होतो. काढलेल्या जाळ्यांत हे दिसलेलं आहे. पण यामुळे जाळी विरघळत नाही. गाभा शाबूत असतो आणि तोवर व्रणाने बराचसा भार स्वतःवर घेतलेला असतो.

कॅन्सरबद्दल: उंदरांच्या त्वचेखाली जवळजवळ कोणत्याही प्लास्टिकचा गुळगुळीत सलग तुकडा ठेवला तर गाठी होऊ शकतात, हे जुन्या प्रयोगांतून माहीत आहे. तोच पदार्थ भोकांचा असेल तर त्या कमी होतात. माणसांत साठ वर्षांच्या वापरात हर्नियाच्या जाळीमुळे कॅन्सर होतो असा पुरावा मिळालेला नाही. वर्षानुवर्षं पू वाहणाऱ्या, उपचार न झालेल्या जाळीच्या जागी त्वचेचा कॅन्सर झाल्याची अगदी मोजकी उदाहरणं नोंदली आहेत. दीर्घकाळ न भरणाऱ्या कुठल्याही जखमेत तो धोका असतो. अर्थ सरळ आहे: जाळीच्या जागी पू वाहत असेल तर तो अंगावर काढू नये.

सांधेदुखी, थकवा, पुरळ असे सर्वांगीण त्रास जाळीमुळे होतात का? अमेरिकेत पुरुषांच्या मोठ्या नोंदींवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीनंतर स्वयंप्रतिकार आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते ते) वाढलेले आढळले नाहीत. तरी असा रुग्ण समोर आला तर मी त्याला वाटेला लावत नाही. तपासतो, जंतुसंसर्ग आणि इतर कारणं शोधतो. निकेलची ॲलर्जी असेल तर जाळीत धातू नसतो, पण ती कशाने अडकवली जाणार हे विचारून घ्या.

खरी, आकड्यांत दिसणारी अडचण वेगळी आहे, ती म्हणजे दीर्घकाळ दुखणं. जांघेच्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर सुमारे १० ते १२ टक्के लोकांना तीन महिन्यांनंतरही जाणवण्याइतकं दुखतं, आणि काहींचं रोजचं काम अडतं. हे सगळं जाळीमुळे नसतं. नस टाक्यात अडकणं, नस दुखावणं, ऑपरेशनच्या आधीपासूनच बरंच दुखत असणं ही कारणंही असतात आणि जाळीविना केलेल्या ऑपरेशननंतरही दुखणं राहतं. पण नस व्रणात गुरफटली किंवा जाळी घडी पडून गाठीसारखी झाली तर दोष तिचाही असतो. हे ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं.

मग जाळी घालायचीच कशाला? कारण नुसत्या टाक्यांनी ओढून शिवलेली भिंत पुन्हा फाटते. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यानुसार जांघेच्या हर्नियात दर ४६ जाळीच्या ऑपरेशनांमागे एका माणसाचा हर्निया परत होण्यापासून वाचतो. जुन्या ऑपरेशनच्या जागी झालेल्या हर्नियात फरक फार मोठा आहे: नेदरलँड्सच्या अभ्यासात दहा वर्षांत टाक्यांनंतर ६३ टक्के, जाळीनंतर ३२ टक्के. जांघेचा छोटा हर्निया असलेल्या आणि जाळी नकोच असलेल्या माणसासाठी शोल्डाइस पद्धत आहे, तिच्यात जाळीविना भिंत थराथराने शिवतात. पण ती रोज करणारा सर्जन हवा.

पैशांबद्दल. जाळीला परवानगी मिळण्याआधी आयएसओ १०९९३ या मानकाप्रमाणे चाचण्या होतात: पेशींना विषारी आहे का, ॲलर्जी करते का, प्राण्यांत बसवल्यावर आसपासच्या ऊतीचं काय होतं. या आवश्यकच आहेत. पण त्यांत माणसाचा खोकला, वजन उचलणं, मधुमेह, दहा वर्षांचा काळ नसतो. फिजिओमेश नावाची हलकी, दोन्ही बाजूंना विरणाऱ्या थराची जाळी परवानगी मिळालेलीच होती. जर्मनी आणि डेन्मार्कमधल्या रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदींत हर्निया परत होण्याचं आणि पुन्हा ऑपरेशन करण्याचं प्रमाण जास्त दिसलं, तेव्हा २०१६ मध्ये ती बाजारातून मागे घेतली गेली. म्हणून नव्या, महाग जाळीपेक्षा ज्या जाळीचे हजारो रुग्ण वर्षानुवर्षं पाहिले गेले आहेत ती मला जास्त विश्वासाची वाटते. किंमत आणि गुणवत्ता यांचं नातं किती सैल आहे ते पाहायचं असेल, तर युगांडात ३०२ पुरुषांवर झालेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. निर्जंतुक केलेली मच्छरदाणीची जाळी आणि कंपनीची हलकी जाळी यांच्यात एका वर्षानंतर हर्निया परत होण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. भारतात डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हा मार्ग त्याआधीच दाखवला होता. याचा अर्थ कुठलीही मच्छरदाणी चालेल असा नाही. तिचं प्लास्टिक, विणकाम आणि निर्जंतुकीकरण तपासलेलं असायला हवं, कीटकनाशक लावलेली तर मुळीच चालत नाही.

वडिलांसाठी माझं मत असं. एकेरी धाग्याची, मोठ्या भोकांची, साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी पुरेशी आहे. ऑपरेशन उघडं असेल तर हलकी घ्यायला हरकत नाही, दुर्बिणीतून असेल आणि हर्नियाचं छिद्र मोठं असेल तर फार हलकी नको. आतड्यापासून वाचवणाऱ्या आवरणाचे किंवा जैविक जाळीचे जास्त पैसे जांघेच्या पहिल्या, साध्या हर्नियासाठी मोजायचं कारण मला दिसत नाही. ते पैसे वाचवा आणि ऑपरेशनआधी किमान चार आठवडे त्यांची सिगारेट-तंबाखू बंद करा, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. जखम बिघडण्याचा धोका याने जितका कमी होतो तितका जाळीचा ब्रँड बदलून होत नाही.

सर्जनला तीन गोष्टी विचारा: जाळी कोणती आणि भोकं किती मोठी, ती कोणत्या थरात बसणार, आणि हे ऑपरेशन ते नेहमी करतात का. जाळीच्या पाकिटात नाव आणि लॉट नंबर असलेले स्टिकर असतात. त्यातलं एक केसपेपरवर लागतं, एक मागून घ्या आणि फाइलमध्ये चिकटवून ठेवा. पुढे कधी त्रास झाला, तर आत नेमकं काय आहे हे शोधण्यातच आमचा अर्धा वेळ जातो.